एकोणीस महिन्यांनी पुन्हा फिट आली

बडोद्याहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत शिकते. सातव्या वर्षी पंधरा दिवसांच्या अंतरानं तिला दोन फिट आल्या. एमआरआय चांगला आला, ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, दोष दिसला. डॉक्टरांनी अपस्मार (फेफरं) असल्याचं सांगून लेव्हेटिरासिटॅम हे फिटचं औषध सुरू केलं आणि 'दोन वर्षं फिट आली नाही तर औषध कमी करायचं बघू' असंही म्हणाले. तेव्हापासून ही आई देवघराशेजारच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होती. एकोणीस महिने नीट गेले. यंदा कोजागिरीला सोसायटीत गरबा होता, मुलगी साडेबारापर्यंत जागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना बेसिनजवळ कोसळली. अडीच मिनिटांत फिट थांबली. सासूबाई म्हणतात, तू जागवलंस म्हणून झालं. औषध लागू पडत नाही तर बंद करा, धागा बांधून घेऊ. नवरा म्हणतो, शाळेत कळता कामा नये, मुलीची जात आहे, पुढे लग्नाला अडेल. आई आता ओढणीचं एक टोक मुलीच्या आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधून झोपते. मुलगी चिडचिडी झाली आहे आणि उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायला धाब्यावर (गच्चीवर) जायचंच म्हणून हट्ट धरून बसली आहे. आई विचारते: माझं काय चुकलं? पुन्हा पहिल्यापासून मोजायचं का? आणि १४ जानेवारीला तिला वर पाठवू का?

ताई,

आधी कोजागिरीबद्दल बोलू. तुमचं पत्र चार पानांचं आहे, पण त्याचा निम्मा भार त्या एका रात्रीवर आहे.

आपण मराठीत कारण आणि निमित्त असे दोन वेगळे शब्द वापरतो. जागरण हे निमित्त होऊ शकतं, ते मी नाकारणार नाही. झोप मोडली की फिट येण्याची शक्यता वाढते. डॉक्टर कधी कधी मुद्दाम मुलाला रात्री कमी झोपवून सकाळी ईईजी काढतात, ते याचसाठी. जागरणानंतर मेंदूतली गडबड आलेखावर सापडायला सोपी जाते. पण ते कारण नव्हे. कारण तिच्या मेंदूतल्या पेशींच्या विजेच्या व्यवहारात आहे, जो अधूनमधून थोडा वेळ बेताल होतो. तुम्हीच लिहिलंय की नवरात्रात ती दोनदा अकरा-साडेअकरापर्यंत जागली आणि काही झालं नाही. मग त्या दोन रात्री तुम्ही चांगल्या आई होतात आणि कोजागिरीला वाईट झालात का?

याच्या उलटही होतं. वेळेवर झोपलेल्या, एकही डोस न चुकलेल्या, ताप-सर्दी नसलेल्या मुलालाही भर दुपारी वर्गात फिट येते. या आजारात सगळ्यात जास्त छळतं ते हेच. मधुमेहात साखर मोजता येते, तापात थर्मामीटर लावता येतो. उद्या फिट येईल का, हे सांगणारं असं घरात ठेवण्याजोगं काही नाही. आणि जिथे अंदाज बांधता येत नाही तिथे माणूस दोष शोधतो, कारण दोष सापडला की पुढच्या वेळी टाळता येईल असं वाटतं. सासूबाईंनी तुमच्यावर बोट ठेवलं ते दुष्टपणानं असेल असं मला वाटत नाही. त्याही घाबरल्या आहेत. तुम्ही स्वतःवर बोट ठेवलंय, तेही त्याच भीतीपोटी.

इथून पुढे जागरण टाळा, जरूर टाळा. पण ते तिच्या झोपेसाठी असू दे, तुमच्या प्रायश्चित्तासाठी नको.

आता 'औषध लागू पडत नाही' हे. पंधरा दिवसांत दोन फिट आलेल्या मुलीला औषधावर एकोणीस महिन्यांत एक फिट आली. याला लागू न पडणं कसं म्हणायचं? शिवाय एक साधी गोष्ट घरात कुणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो. सातव्या वर्षी तिचं वजन किती होतं आणि आज किती आहे? मुलगी वाढते, फ्रॉक आखूड होतात, आणि डोस मात्र जुन्याच कागदावरचा चालू राहतो. डॉक्टरांकडे जाल तेव्हा आधी वजन करा आणि मग बोलायला बसा. त्या आठवड्यात एखादा डोस राहिला होता का, गोळी घेतल्यावर उलटी झाली होती का, दुकानदारानं दुसऱ्या कंपनीचं औषध दिलं होतं का, तेही आठवून सांगा. उत्तर 'नाही' असलं तरी सांगा. त्यावरूनच डोस वाढवायचा की आहे तोच ठेवायचा हे त्यांना ठरवता येईल.

औषध एकदम बंद मात्र कुणाच्याही सांगण्यावरून करायचं नाही. अचानक थांबवलं तर फिट लागोपाठ येऊ शकतात, न थांबणारी फिट येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. डॉक्टर औषध सोडवतात तेही हळूहळू, थोडं थोडं उतरवत. धागा बांधून सासूबाईंच्या मनाला धीर येत असेल तर बांधा. धाग्यानं अपाय नाही. पण 'औषध सोडलं तरच गुण येईल' अशी अट असेल, किंवा धुरी, उपास असलं काही असेल, तर तिथे तुम्ही ठाम राहा. सासूबाईंना हेही सांगून बघा. चरकसंहितेत निदानस्थानाचा आठवा आणि चिकित्सास्थानाचा दहावा अध्याय अपस्माराचा आहे. अपस्मार म्हणजे स्मृती निघून जाणं. हा रोग आहे आणि त्यावर उपचार करायचे असतात, एवढं आपल्या वैद्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

पुन्हा पहिल्यापासून मोजायचं का? डॉक्टरांच्या हिशोबानं, बहुधा हो. पण 'दोन वर्षं' याचा तुम्ही घेतलेला अर्थ मला जरा दुरुस्त करावासा वाटतो. दोन वर्षं झाली की औषध सुटतं, असं ते वचन नव्हतं. दोन वर्षांनी 'आता सोडून बघायचं का' हा प्रश्न विचारता येतो, इतकंच. त्याचं उत्तर फिटचा प्रकार, ईईजी, मुलाचं वय, हे सगळं बघून ठरतं. बऱ्याच मुलांचं औषध सुटतं आणि ती ठीक राहतात. काहींना सोडल्यावर पुन्हा फिट येतात आणि औषध पुन्हा सुरू करावं लागतं. तुम्ही मात्र त्या कॅलेंडरला परीक्षेचा निकाल करून टाकलात, आणि म्हणून त्या सकाळी तुम्हाला नापास झाल्यासारखं वाटलं. याच एकोणीस महिन्यांत ती सायकल शिकली, तुम्हीच लिहिलंय. ते कुठे गेलं?

फुल्या थांबवा. त्या जागी एक छोटी वही करा. फिट आली तरच त्यात लिहायचं: तारीख, वेळ, किती मिनिटं चालली, सुरुवात कशी झाली, डोळे-मान कुठल्या बाजूला वळले, आदल्या रात्री किती झोप झाली, ताप होता का. घरात दुसरं माणूस असेल तर त्यानं मोबाईलवर चित्रण करावं. डॉक्टरांना आपल्या घाबरलेल्या वर्णनापेक्षा ते तीस सेकंद जास्त सांगून जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे नीट निदान आणि औषध मिळालं तर अपस्माराच्या ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांना फिटशिवाय जगता येतं. उरलेल्यांची वाट अवघड असते. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसात देऊनही फिट थांबत नसतील, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीतच वर्षं घालवू नयेत. शस्त्रक्रिया किंवा किटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टाचा) आहार यांचा विचार करणाऱ्या मोठ्या केंद्रात दाखवावं. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था किंवा दिल्लीचं एम्स अशी केंद्रं आहेत. तुम्ही तिथे नाही आहात. पहिल्याच औषधावर आहात आणि एकच फिट आली आहे. हे मी तुमच्यासारखं पत्र मनातल्या मनात लिहिणाऱ्या दुसऱ्या आयांसाठी सांगितलं.

आता ती ओढणी.

'तिचा हात हलला की मला कळेल' असं तुम्ही लिहिलंय. त्या गाठीमागचा प्रश्न मात्र लिहिला नाहीत. मी लिहिते. झोपेत तिचा जीव तर जाणार नाही ना? अपस्मार असलेल्या माणसांत असा अचानक मृत्यू होतो, हे खरं आहे. मुलांमध्ये तो विरळ असतो. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये जे मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यात वर्षाला साधारण ४५०० मुलांमागे एक, असा आकडा आहे. सर्वांगाला झटके येणाऱ्या फिट वारंवार येत राहिल्या, विशेषतः रात्री, तर धोका वाढतो. म्हणून यावरचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे औषध न चुकता घेणं. ओढणी नव्हे.

आकडा ऐकून तुमची झोप परत येणार नाही, कल्पना आहे मला. तरी डॉक्टरांना हा प्रश्न याच शब्दांत विचारा. पुष्कळ आया विचारत नाहीत, कारण तोंडातून शब्द काढला तर खरं होईल असं वाटतं. आणि मग असं करून बघा. तिची गादी तुमच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर असू दे, पण बांधू नका. दोघींपैकी एकीनं कूस बदलली की दुसरी जागी होते. ज्या मुलीला झोपेची सगळ्यात जास्त गरज आहे तिचीच झोप त्या ओढणीनं मोडतेय. शिवाय नऊ वर्षांच्या मुलीला रात्री बांधून झोपवलं की ती त्यातून काय समजत असेल, याचाही विचार करा. एक दिवसाआड बाबांनी त्या खोलीत झोपावं आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लोटून. पहिले चार दिवस तुम्हाला झोप लागणार नाही. पाचव्या दिवशी लागेल.

पुढची फिट कधी येईल ते आपल्या हातात नाही. ती आली की पहिली पाच मिनिटं काय करायचं, ते मात्र पूर्णपणे हातात आहे, आणि आपल्या घरांतून नेमकं तेच कुणी शिकत नाही.

माझ्या धाकट्या भावाला सहाव्या वर्षापासून फिट यायच्या. आम्ही बडोद्यातच, दांडिया बाजारात राहायचो. १९७५ च्या आसपासची गोष्ट. एकदा तो जेवताना पाटावरून आडवा झाला. वाड्यातलं कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल नाकाशी धरली, शेजारच्या गुजराती काकी 'खेंच आवी, खेंच आवी' (आकडी आली) म्हणत पाणी घेऊन धावल्या. आणि दातखीळ सोडवायला वडिलांनी त्याच्या तोंडात स्टीलचा चमचा घातला. फिट आपली आपण दोन मिनिटांत थांबली. समोरच्या दाताचा तुकडा मात्र चमच्याबरोबर बाहेर आला. भाऊ आता साठीला टेकलाय, चौदाव्या वर्षानंतर त्याला फिट आलेली नाही, पण तो दात अजून अर्धाच आहे. वडिलांनी ते जिवाच्या आकांतानं केलं होतं. त्यांना कुणी वेगळं काही शिकवलंच नव्हतं.

तुम्ही शिका, आणि घरातल्या प्रत्येकाला शिकवा. फिट आली की घड्याळ बघायचं. आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करायचं, आणि तिला कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर येईल. तोंडात काही घालायचं नाही, बोटही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबतात, मग मूल गुंगीत जातं. त्याला झोपू द्यायचं. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, श्वासाचा त्रास वाटला किंवा डोक्याला मार लागला, तर १०८ ला फोन. लांबलेली फिट थांबवायला मिडाझोलाम या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो. तिच्या वजनाला किती आणि कधी मारायचा, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, त्याची मुदत संपण्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर टाका. आणि हे सगळं सासूबाईंना करायला लावा. दुपारी शाळेतून आल्यावर ती त्यांच्याजवळच असते ना? ज्या माणसाला काय करायचं ते ठाऊक असतं, ते दोष द्यायला कमी धावतं.

न्हाणीघराला आतून कडी नको, अंघोळ बादलीनं, बसून. पोहायला जायचं तर तिच्यावरच नजर ठेवणारं मोठं माणूस पाण्यात हवं. सायकल हेल्मेट घालून, सोसायटीच्या आत. एवढ्या मर्यादा पुरेत.

शाळेच्या बाबतीत मी तुमच्या यजमानांशी सहमत नाही. त्यांची काळजी खोटी नाही. आपल्याकडे लोक बोलतात. पण फिट शाळेत आली तर तिथे ते नसतील, तुम्ही नसाल. तिथे बाई असतील, आणि त्यांना ठाऊक नसेल तर त्या चमचा शोधतील. सगळ्या शाळेला सांगायची गरज नाही. वर्गशिक्षिका, खेळाचे सर, व्हॅनचे काका, एवढ्यांना एकेक कागद द्या: काय होतं, काय करायचं, काय नाही, कुणाला फोन करायचा. लग्नाचं म्हणाल, तर हिंदू विवाह कायद्यात एके काळी अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही खरोखरच अडचण होती. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द कायद्यातून काढून टाकला. कायद्यानं सोडलेली गोष्ट नऊ वर्षांच्या मुलीच्या बापानं धरून ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. आणि लपवायला शिकवलेली मुलगी उद्या वसतिगृहात गेल्यावर गोळीही लपूनच घेईल, मग कधीतरी घेणार नाही.

चिडचिडीचं एक सांगायचं राहिलं. लेव्हेटिरासिटॅमनं काही मुलं चिडखोर होतात, रडवेली होतात, हा त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. डोस वाढला असेल तर विशेष लक्ष ठेवा. तिला रागावण्याआधी डॉक्टरांना सांगा. काही वेळा औषध बदलतातही. अर्थात महिनाभर कुठेच जाऊ दिलं नाही तर औषध न घेणारं मूलही चिडचिडच करेल.

ज्या वाचकांच्या घरी असं निदान झालेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. प्रत्येक फिटमध्ये मूल कोसळत नाही. बोलता बोलता दहा सेकंद शून्यात बघणं, हाक ऐकू न येणं, मग काही न झाल्यासारखं पुढे चालू करणं, आणि हे दिवसातून अनेकदा होणं, हाही अपस्माराचा एक प्रकार असतो, आणि अशी मुलं 'लक्ष नाही' म्हणून मार खातात. उलट सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाला तापात येणारी आकडी म्हणजे अपस्मार नव्हे; डॉक्टरांना मात्र दाखवायलाच हवं.

आता उत्तरायण. माझ्या भावाला आमच्याकडे कधी धाब्यावर जाऊ दिलं नाही. तो मधल्या खोलीच्या खिडकीत बसून राहायचा. वरून 'काप्यो छे' ऐकू आलं की कुणाचा कापला ते विचारायला जिन्यापर्यंत यायचा आणि आई त्याला परत आत न्यायची. आज त्याला त्या काळातली एकही फिट आठवत नाही. खिडकी आठवते. तिच्या गजांचा हिरवा रंगही आठवतो.

म्हणून माझं उत्तर असं: डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी नको म्हटलं नाही तर तिला वर न्या. 'पाठवू का' असं तुम्ही विचारलंय. पाठवू नका, न्या. कठडा तिच्या छातीच्या वर येईल अशी गच्ची निवडा. पाण्याच्या टाकीवर, जिन्याच्या छपरावर चढायचं नाही, हे तिला आधी सांगा, आणि तसं का, तेही सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला कळतं. १३ तारखेला रात्री लवकर झोप. सकाळी मुलं अंधारातच काही न खाता वर पळतात आणि गोळी खाली राहते, तेव्हा आधी नाश्ता, मग गोळी, मग जिना. दुपारी उंधियू-जिलेबी झाली की दोन तास खाली झोपवा. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण असते आणि अंग आधीच थकलेलं असतं, त्या दिवशी अर्धाच दिवस. स्प्रे खालच्या कपाटात ठेवून उपयोग नाही, तुमच्या पर्समध्ये वर हवा. वर फिट आलीच तर झटके चालू असताना उचलून जिन्यानं खाली आणू नका. तिथेच सावलीत कुशीवर झोपवा आणि घड्याळ बघा.

आणि एक. जपायचं म्हणून अशा मुलांच्या हातात फिरकी देऊन मागे उभं करतात. तसं करू नका. गच्चीच्या मधोमध तिला पतंग उडवू द्या. फिरकी तुम्ही धरा, तिच्या पाठीशी, एका हाताच्या अंतरावर उभ्या राहून.